नासलं नाही, नासवलं

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस झुंबरबाई जेवणाचा डबा धुऊन परतल्या, तर प्राचार्य भालचंद्र सर बेसिनशी उभे, हातात रिकामी नळी.

"बाई, नमुने नासले होते. ओतून टाकले."

पाच नळ्या. देऊळघाटच्या विहिरीतून बाईंनी स्वतः दोर सोडून काढलेलं पाणी. विहिरीच्या वरच्या अंगाला कोंबड्यांचं शेड. कोंबड्यांना पाण्यातून रोज अँटिबायोटिक, आणि शेड धुतलं की सगळं नाल्यातून विहिरीकडे. तेच पाणी पिणाऱ्या त्यांच्या नातीच्या, छकुलीच्या, वाहत्या कानाला तिसरं औषधही लागू पडेना; जंतू औषधाला सरावलेत, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून रसायनशास्त्राच्या चारुलता मॅडमकडून बाई रीत शिकल्या होत्या: पाण्यात साबणाच्या जातीचं रसायन घालून गरम करायचं. पाणी ढगाळतं. मग तो ढग पाण्यातलं औषध ओढून घेऊन थेंब होऊन तळाशी बसतो. तो थेंब औषध ओळखणाऱ्या यंत्रात घालायचा.

"उद्या ग्रामसभा आहे," सर म्हणाले. "पाणी स्वच्छ असल्याचं पत्र शेडवाल्या गजेंद्रभाऊंना आजच हवंय."

सरांचा विषय वाणिज्य. गजेंद्रभाऊ कॉलेजच्या समितीवर, आणि या घडीला ऑफिसात चहावर.

बाईंनी डबा टेबलावर आदळला. "सर, ते नासलं नव्हतं. नासवलं होतं."

"एकच ते."

"एकच कसं? आपोआप नासलेलं दूध मोरीत जाते. वहिनींनी दिवाळीले लिंबू पिळून नासवलं, त्याचे रसगुल्ले तुमी चार खाल्ले."

"पण गढूळ झालं म्हणजे औषध आहे, असं थोडंच?"

"नाहीच. साबणानं चांगलं पाणीबी ढगाळते. औषध हाय का नाही ते यंत्र सांगते. तुमी काऊन सांगून राह्यले?"

बाईंनी गरम पाण्याच्या पेटीचं झाकण उचललं. सहावी नळी आतच राहिली होती. तळाशी जाडसर थेंब, वर काचेसारखं पाणी. त्यांनी ती सरांच्या हातात दिली.

"इतकंसं?"

"हाव. आन् वरचं पाहा कसं निवळ. मॅडम चार वाजता येतीन, यंत्र लावतीन. त्याच्या आधी सही करायची असन, तं विहिरीचं एक गिलास पेऊन करा. बाटली भरलेली हाय."

सरांनी खिशातला पेन चाचपला. बाटलीकडे पाहिलं. नळी अलगद परत पेटीत ठेवली आणि ऑफिसकडे गेले.

थोड्या वेळानं गजेंद्रभाऊंची गाडी पत्राविना फाटकाबाहेर पडली.

बाईंनी एक कागद फाडला, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पेटीवर चिकटवला: 'मुद्दाम नासवलेलं आहे. शिकलेल्यांनी ओतू नये.'