न फोडलेलं पाकीट

अठरा वर्षं नर्स असलेल्या ताईच्या वडिलांचं, अण्णांचं, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तिने त्यांना आपल्याच वॉर्डात ठेवलं. घरच्या माणसाची शुश्रूषा स्वतः करायची नाही असा तिथला नियम, म्हणून अण्णांना तिने मैनेच्या हवाली केलं. मैना तिच्याच हाताखाली तयार झालेली नर्स. बडबडी, पण ताईची अगदी लाडकी.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी अण्णांचा चष्मा शोधताना ताईच्या हाती मोज्यांचं पाकीट लागलं. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घालायचे ते घट्ट मोजे. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं!

तिने खाटेला लावलेला रोजच्या नोंदींचा तक्ता ओढला. मोजे घातले, बरोबरची खूण. पावलांचे व्यायाम, खूण. धरून चालवलं, खूण. तिन्ही दिवस!

"अण्णा, तुम्हाला कुणी उठवलं होतं?"

"नाही गं. पोरीची धावपळ बघून मीच गप्प राहिलो. पण ही पोटरी कालपासून ठणकतेय बघ."

पोटरी सुजून गरम झाली होती. डॉक्टर धावत आले, तपासणीत गुठळी निघाली. "फुप्फुसात गेली असती तर हाती काही उरलं नसतं," ते म्हणाले आणि त्यांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं.

ताईने मैनेला गाठलं. "केसाने गळा कापलास गं माझा!"

मैना रडू लागली. "ताई, चुकलंच माझं. पण शिफ्ट संपताना एकदम सगळ्या खुणा करून टाकायच्या, हे मला शिकवलं कुणी? 'कागद भरला की कुणी विचारत नाही', तुमचेच शब्द ना?"

ताईने हातातल्या तक्त्याकडे पाहिलं; अशाच खुणा तिनेही वर्षानुवर्षं केल्या होत्या.

मागे सगळ्या नर्सच्या प्रमुख, मेट्रनबाई उभ्या होत्या. "आज अण्णा आहेत म्हणून तुला लागलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "इतकी वर्षं त्या खाटांवर कुणाचे तरी अण्णाच होते. त्यांची न फोडलेली पाकिटं कुणी शोधली?"

ताईने तक्रारीचा कागद घेतला. मैनेचं नाव लिहिलं, पण त्याच्या वर आधी स्वतःचं. मैनेवरचा राग काही गेला नव्हता. स्वतःवरचा त्याहून मोठा होता.

मग ती शेजारच्या खाटेकडे गेली. तिथल्या आजोबांना मोजे चढवले, खांद्याचा आधार देऊन खिडकीपर्यंत चालवून आणलं, आणि मगच तक्त्यावर खूण करायला पेन उघडलं.

वाचकहो, काम कोणतंही असो, न केलेल्या कामापुढे केलेली खूण म्हणजे विश्वासघातच. आपल्या भरवशावर कुणीतरी निर्धास्त पडून असतं!