माझी नाशपतीची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी कोरणी आहे, आणि खिडकीजवळच्या त्या लेसर यंत्राचे नुसते नाव काढले तरी माझा तिळपापड होतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कोणाला वाकडे बोलले तर तुम्हाला नवल वाटायला नको.

कोरणी म्हणजे बोटभर पोलादी कांडी. पुढे धारदार टोक, मागे लाकडी मूठ. माझी मान जराशी वर वळलेली आहे, कारण माझे काम अंगठीच्या आतल्या बाजूचे. फोर्ट्सहाइम या जर्मन गावात, एन्झ नदीच्या काठच्या एका सोनाराच्या घरात माझे आयुष्य गेले. ओटमार आजोबांनी मला आणले तेव्हा मी बोथट होते. त्यांनी तेल लावलेल्या दगडावर मला धार दिली आणि नाशपतीच्या लाकडाची मूठ स्वतः तासून बसवली. मागे भूछत्रासारखी गोल, खालून सपाट, त्यांच्या तळव्यात चपखल बसेल अशी. ती मूठ म्हणजे माझा दिमाख होता.

आमच्याकडे साखरपुड्याला दोघांच्याही डाव्या हातात अंगठी घालतात. तिच्या अंगठीत त्याचे नाव, त्याच्या अंगठीत तिचे. लग्नाच्या दिवशी तीच अंगठी उजव्या हातात जाते आणि त्याआधी नावाशेजारी लग्नाची तारीख कोरून घेतात. त्यामुळे गावातली लग्ने आधी माझ्या टोकाखालून जात. लोक अंगठी उजेडात धरून आत डोकावत, मान डोलावत. ओटमार आजोबांची मुलगी आनेग्रेट हिच्या लग्नाची अंगठीही त्यांनी माझ्याकडूनच कोरली. तिने ती कधी बोटातून काढली नाही. भांडी घासून, पीठ मळून सोने झिजले, पण आतली अक्षरे आजही स्पष्ट वाचता येतात. हे मी शेजारच्या कानसांना आणि चिमट्यांना इतक्या वेळा ऐकवले आहे की ते आता ऐकून न ऐकल्यासारखे करतात.

आजोबा गेले आणि मी आनेग्रेटच्या हातात आले. तिचा तळवा लहान, तरी वर्षानुवर्षे धरून धरून मूठ तिच्याही हाताची झाली. मग तिची मुलगी लीओबा सोनारकाम शिकून घरी परतली, आणि तिच्या मागोमाग खोकी आली.

पहिल्या खोक्यातून सूक्ष्मदर्शक निघाला. त्याचे मी चालवून घेतले. तो बिचारा नुसता बघतो, कोणाचे काम हिसकावत नाही. दुसऱ्यातून निघाली फुरफुरी. तिचे खरे नाव मला उच्चारायचेही नाही. ती एक धातूची मूठ आहे, तिला नळीतून हवेचा दाब मिळतो आणि तिच्या तोंडात बसवलेले टोक भराभर पुढे ठोकले जाते. हाताला जोर लावावा लागत नाही. लीओबाने ती खास आईसाठी आणली होती, कारण आनेग्रेटच्या अंगठ्याचा सांधा धरू लागला होता. आनेग्रेटने त्या फुरफुरीकडे पाहिलेही नाही. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो काय सांगू!

तिसऱ्या खोक्यातून मात्र लेसर यंत्र निघाले आणि माझे नशीब फिरले. त्याला खिडकीजवळची जागा मिळाली, जी माझी होती, आणि माझी रवानगी बाकाच्या खणात झाली. त्याला रोज मऊ फडक्याने पुसायचे, कामावरून उठताना त्याच्यावर आच्छादन घालायचे. माझ्या अंगावर गंजाचे ठिपके आले तरी कोणाचे लक्ष नव्हते. गिऱ्हाईक यायचे, नाव सांगायचे, कॉफीचा पेला संपायच्या आत अंगठी तयार. यंत्राला ना धार लागते, ना अंगठा दुखतो. लोक त्याच्या प्रकाशाकडे टकामका बघत राहायचे. माझ्याकडे तसे कोणी कधी बघितले नव्हते. माझा नुसता जळफळाट होई.

पण खरा घाव बसला तो लीओबाच्या साखरपुड्याला. नवरा मुलगा वेंडेलिन हा बेकरीवाला, हसतमुख आणि नेहमी पिठाने माखलेला. लीओबाने दोन्ही अंगठ्या संगणकावर काढल्या, मेणात छापल्या, सोन्यात ओतल्या. मी खणात वाट बघत होते. आजोबांनी मुलीच्या अंगठीत कोरले, आता आनेग्रेट तिच्या मुलीच्या अंगठीत कोरणार, म्हणजे मी कोरणार, हे मी ठरवूनच टाकले होते. एका दुपारी आनेग्रेट बाजारातून आली तर नावे कोरून झाली होती. यंत्राने केली. आनेग्रेट म्हणाली, छान झाली आहेत. मग तिने माझा खण उघडला, थोडा वेळ मला हातात धरले आणि परत ठेवून दिले. तिला किती लागले ते त्या खोलीत फक्त मला कळले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात सगळे जेवायला बसले होते. मसूर आणि शेवया झाल्यावर वेंडेलिनने लीओबाची अंगठी उजव्या हातात घालून पाहायचे ठरवले. अंगठी सांध्यावरच अडली. इतकी वर्षे हातोडी आणि कानस चालवून तिचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड झाला होता, आणि तिने माप घेतले होते फक्त डाव्या बोटाचे.

"सोनाराच्या घरची पोर, आणि बोटाचं माप चुकली," आनेग्रेट म्हणाली.

"लोणी आणू का?" वेंडेलिनने विचारले. "नाहीतर लग्न डाव्या हातानंच उरकू."

हसून झाल्यावर लीओबा कामाला बसली. निमुळत्या कांबीवर अंगठी ताणली, आतून घासली, उजाळा दिला. यंत्राने कोरलेली अक्षरे उथळ होती. घासण्यात वेंडेलिन पार पुसला गेला. खणाच्या फटीतून मी ते पाहिले आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण यंत्राला काय त्याचे! लीओबाने अंगठी त्याच्यात लावली आणि कळ दाबायला हात नेला.

"थांब," आनेग्रेट म्हणाली. "नाव मी कोरते."

"आई, तुझा अंगठा बघ. परवा तुला डब्याचं झाकण उघडत नव्हतं."

"म्हणून तू मला विचारलंसुद्धा नाहीस?"

लीओबाने कळीवरचा हात मागे घेतला. "विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. आणि मग महिनाभर हात धरून बसली असतीस. ते मला बघवलं नसतं."

आईला वाटत होते, लेकीला आपल्या हाताची गरज उरली नाही. लेकीला वाटत होते, आपण आईचा हात जपला. इतके महिने दोघी हे मनात घेऊन एकाच बाकावर काम करत होत्या.

"बरं," आनेग्रेट म्हणाली. "मग आण ती तुझी हवेची मूठ."

मित्रांनो, माझ्या काळजात चर्र झाले. फुरफुरी! म्हणजे आता तीही मला मागे टाकणार. आनेग्रेटने आधी तांब्याच्या पत्र्यावर हात बसवून पाहिला. फुरफुरीसोबत आलेले नवे टोक चांगले होते, पण तिच्या हाताला ते ऐकेना. वळणावर घसरे. तिने अनेकदा केले, अनेकदा पुसले. मी खुशीत होते. तेवढ्यात तिने खण उघडला, मला उचलले आणि मूठ बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळून मला तिच्यातून खेचून बाहेर काढले.

आजोबांनी बसवल्यापासून मी मुठीवाचून कधी राहिले नव्हते. फुरफुरीत मावावे म्हणून तिने माझे शेपूट, म्हणजे मुठीत असायचे ते टोक, सहाणेवर घासले, दर वेळी पाण्यात बुडवून, म्हणजे पोलाद तापून मऊ पडू नये. मग मला फुरफुरीच्या तोंडात घट्ट आवळले. ज्या दोघांवर मी सर्वांत जास्त जळले, त्यांतल्या एकीच्या तोंडात मी!

लीओबाने पायाशी हवेचा पंप सुरू केला आणि सूक्ष्मदर्शक आईच्या डोळ्यांसमोर आणला. आनेग्रेटचा अंगठा माझ्यावर नुसता टेकला होता, जोर सगळा हवेचा. आणि तरी वळण तिचे होते. पहिले अक्षर उतरताना मला तिच्या हाताचा तो जुना हेलकावा कळला, जो आजोबांच्या हातातही होता. वेंडेलिन हे लांबलचक नाव, पण कुठेही घसरले नाही. शेजारी तारीख आली. लीओबाने अंगठी उजेडात धरली, नखाने अक्षरांची खोली चाचपली आणि उजव्या बोटात सरकवली.

"आता मी ही काढणार नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"लग्नाआधी उजव्या हातात? काढ आधी ती," आनेग्रेट म्हणाली आणि नाक पुसू लागली.

तेव्हापासून मी फुरफुरीतच असते. आता आनेग्रेटचा हात दुखत नाही आणि मला पुन्हा काम आहे. लेसर यंत्राचा राग अजून येतो, पण पूर्वीइतका नाही. माझ्या मनाला आता दुसरीच गोष्ट टोचते. माझी नाशपतीची मूठ खिडकीत पडून आहे. पुढे जिथे मी होते तिथे भोक आहे. ती दिवसभर मी आणि फुरफुरी मिळून काम करताना बघते. ते बघणे मी लगेच ओळखले. मी खणातून तसेच बघत असे.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात काही नवे आले तर जरूर आणा, त्याला पुसा, जपा. पण ज्याची जागा त्याने घेतली असेल, त्याच्याकडे एकदा वळून बघा. आणि कधी आमच्या दुकानात आलात, तर खिडकीतली ती मूठ क्षणभर तळव्यात धरा. मला हात नाहीत, नाहीतर मीच धरली असती.