कडीचे चार ठोके

पार्वताबाईने पातेल्यावरचे झाकण उचलले, आत पाहिले आणि पुन्हा ठेवले. एकशे बारा मुलांची खिचडी निवत चालली होती. व्हरांड्यात ताट समोर घेऊन बसलेली मुले सात होती. बाकीच्यांनी घरून डबे आणले होते आणि ती तिच्याकडे पाठ करून खात होती.

फाटकाला सायकल टेकवून ताराचंद आत आले. त्यांनी ती सात डोकी दोनदा मोजली. ते पार्वताबाईचे थोरले भाऊ. चौतीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा विषय शिकवून ते निवृत्त झाले होते आणि मोजल्याशिवाय कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवत नसत.

“काऊन बसून राहिली?” त्यांनी विचारले.

“मंग का नाचू? वाढाले कोणी पाह्यजे ना, दादा.”

“शुक्रवारच्या त्या सिरियलमुळं?”

“दुर्गेश्वरीचा पोरगा तोंडावर बोलला मले. माय म्हणते, तुह्या हातचं खाल्लं त घरचं दार कोणीतरी ठोकते.” तिने पळी पुसली. “मी म्हटलं, मंग तुही माय उघडते कायले?”

ती हसली नाही. ताराचंदही हसले नाहीत.

‘चौथी दस्तक’ या नावाचे हिंदीत तीन भयपट होऊन गेले होते. बंद दारावर कोणीतरी ठोके देते, चौथ्या ठोक्याला जो दार उघडतो तो मरतो, एवढाच तिन्हींचा जीव. तिसरा चित्रपट चालल्यावर त्याच कंपनीने त्याच नावाची दूरदर्शन मालिका काढली. दर शुक्रवारी नवी कथा, नवे गाव, आणि पडद्याच्या तळाशी ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी ओळ. मागच्या शुक्रवारची कथा इथल्याच, नवेगावच्या तलावाची होती. तीत बांधाखालच्या टोलीत, म्हणजे लहानशा वस्तीत, एक विधवा राहत होती. रोज संध्याकाळी ती स्वतःच्याच रिकाम्या घराची कडी चारदा वाजवी, आणि मेलेला नवरा आतून दार उघडी. शेवटी शाळेतले एक मूल नाहीसे होई. बाईचे नाव कुठेच घेतलेले नव्हते. घेण्याची गरजही नव्हती. पार्वताबाई रोज कडी वाजवते हे टोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

का वाजवते, हेही एके काळी सर्वांना ठाऊक होते. तिचा नवरा मंगरू तलावात मासेमारी करी. बारा वर्षांपूर्वी तो अंधाऱ्या घरात शिरला आणि दारामागच्या मण्यारीवर त्याचा पाय पडला. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळे संपले होते. तेव्हापासून ती कडी वाजवून, थोडी थांबून मगच आत पाऊल टाकी. ठोक्यांनी जमीन हादरते, साप सरकून जातो.

ताराचंदांना खरा संताप आणत होती ती मालिका नव्हे, ते डबे. चार वर्षांपूर्वी शाळेत खिचडी सुरू झाली, तेव्हाही तिच्या हातचे नको म्हणून काही घरांतून डबे आले होते. आज सगळ्यांत मोठे डबे त्याच घरांतून आले होते. तेव्हा कारण उघड बोलता येत नव्हते. आता ते दूरदर्शनने पुरवले होते.

“बुधवारी शाळा समितीची सभा आहे,” ते म्हणाले. “मी येतो. कागद घेऊन.”

“कागदानं का होते, दादा?”

“कागदानंच होते,” ते म्हणाले आणि सायकलकडे वळले.

त्यांच्याकडे कागद होता. उन्हाळ्यात त्या कंपनीचा एक तरुण लेखक विश्रामगृहात दोन दिवस उतरला होता. गावातले कोणी माहीतगार आहे का, असे त्याने विचारले, आणि त्याला ताराचंदांच्या ओसरीवर पाठवण्यात आले. भूत नावाची वस्तू नाही, हे त्यांनी त्याला पहिल्याच वाक्यात सांगितले. त्याने आपले टिपण दाखवले. तलाव डोंगरमाथ्यावर, घाटाला शंभर पायऱ्या, घराला लाकडी सज्जा. ताराचंदांना ते सहन झाले नाही. ‘गोष्ट खोटी असली तरी माप खरे ठेवा,’ असे बजावून त्यांनी आठवडाभरात सहा पानांचे पत्र लिहिले. घाटाच्या पायऱ्या अकरा, पैकी चौथी फुटलेली. बहिणीच्या घराचे दार निळे, पूर्वाभिमुख. सोबत प्रमाणबद्ध नकाशा. आणि अंधश्रद्धेमागे साधे शास्त्रीय कारण कसे असते याचे उदाहरण म्हणून कडीचे चार ठोके. पत्र त्यांनी स्वतः कोहमाऱ्याच्या टपाल कचेरीत जाऊन मुंबईला पाठवले. कार्बनप्रत नेहमीप्रमाणे फायलीत लावली.

पायऱ्या अकरा दाखवल्या होत्या. चौथी फुटलेली होती. दार निळे होते. गाळले होते ते एवढेच, सापाचे वाक्य.

बुधवारी चार वाजता सातवीच्या वर्गात सभा भरली. अध्यक्ष शालीकराम खुर्चीवर, हेडमास्तर भुवनेश्वर पटले टेबलाच्या कोपऱ्याशी, सदस्य मुलांच्या बाकांवर गुडघे आवळून. खिडक्यांत बायामाणसे दाटली होती. पार्वताबाई दाराजवळ जमिनीवर बसली. तिला बाकावर बस असे कोणी म्हटले नाही.

ताराचंद उभे राहिले. आवाज त्यांनी ताब्यात ठेवला होता, फाइल छातीशी धरली होती.

“ज्या लोकांनी हे दाखवलं, ते या बाईला ओळखतही नाहीत. तुम्ही ओळखता. तुमची पोरं चार वर्षं हिच्या हातचं जेवली. एकालाही कधी उलटी झाली का? सांगा, कोणाच्या पोराला?”

त्यांनी फाइल उघडून पत्र वर काढले.

“त्यांनी खोटं दाखवलं, आणि याचा पुरावा माझ्याजवळ आहे. मी त्यांना काय लिहून दिलं होतं, ते ऐका.”

त्यांनी पत्र वाचले. सावकाश, परिच्छेदांच्या क्रमांकांसह. पायऱ्या, दार, नकाशा, ठोके, मण्यार. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. वर्गात जी शांतता पसरली ती त्यांना पटल्याची वाटली.

सुशीलाबाई सदस्य होती. तिची दोन नातवंडे शाळेत होती. ती बाकावरूनच बोलली.

“म्हणजे सर, हे तुमीच लेहून देल्लं त्याईले?”

“सापाचं कारणही दिलं होतं. ते त्यांनी कापलं.”

“ते राहू द्या. आमी घरी हेच बोलून राहिलो होतो का बाप्पा, पायऱ्या बरोबर, फुटकी पायरी बरोबर, दार बरोबर. मुंबईवाल्याईले कसं ठाऊक? आता समजलं. सख्ख्या भावानं सांगितलं. मंग बाकी समदं खरं आन् तेवढंच खोटं, असं कसं असन?”

खिडकीत कुजबुज उठली आणि मागे सरकत गेली.

“ठोके मी शिकवले तिला,” ताराचंद म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. “मंगरू गेला त्या आठवड्यात. दोनदा वाजवायची ती, घाईघाईनं. मी म्हटलं, चारदा वाजव, मोजून वाजव, मग थांब. नियम माझा आहे.”

शालीकरामांनी हात पुढे केला. ताराचंदांनी फाइल दिली. त्यांनी सहाही पाने उलटून पाहिली.

“हे यात नाही लेहलं, सर.”

नव्हतेच. कच्च्या मसुद्यात ते वाक्य होते. पक्के करताना, स्वतःची बढाई नको म्हणून ताराचंदांनी ते खोडले होते.

“तुमीच म्हणता नेहमी,” शालीकराम फाइल परत करत जरा ओशाळून म्हणाले, “कागदात नाही ते झालं नाही. ग्रामपंचायतीत किती खेपा आईकलं आमी तुमच्या तोंडून.”

पटले सरांनी घसा साफ केला. कोणाचाही कोणावर आरोप नाही, असे ते म्हणाले. फक्त वातावरण निवळेपर्यंत सोमवारपासून दुसरी बाई रांधेल. ओमेश्वरीने तयारी दाखवलीच होती. ठराव लिहिला गेला. सह्या झाल्या.

पार्वताबाई उठली. ती भावासमोर येऊन उभी राहिली.

“मले वाटलं, कोणी वैऱ्यानं सांगितलं असन,” ती म्हणाली. “पाच दिवस झाले, मी एकएका घराले मनात शिव्या देऊन राहिली.”

“पारू, मी चांगल्यासाठी...”

“मले इचारलं होतं का?”

तिने शाळेची पळी टेबलावर, ठरावाच्या वहीशेजारी ठेवली आणि ती बाहेर पडली.

लोक तिच्या मागे निघाले. कोणी ठरवले नव्हते. पाचाचे वीस झाले. बांधाच्या उतारावर ऊन कलले होते, तलावावरून ओला वारा येत होता. अकरा पायऱ्यांच्या अलीकडे सगळे थांबले. तिथून निळे दार समोर दिसत होते. बायांनी पोरांना पदराशी ओढले, पण घरी कोणी नेले नाही. ती कडी वाजवताना पाहायची होती सर्वांना. ताराचंद त्या घोळक्याच्या मागे उभे होते.

पार्वताबाई दाराशी पोचली. तिने कडीला हात घातला आणि वळून घोळक्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग आवाज होऊ न देता कडी काढली, दार ढकलले आणि न थांबता, अनवाणी, आतल्या अंधारात गेली.

“नाई वाजवली,” कोणीतरी म्हणाले. त्या स्वरात निराशा होती.

ताराचंद पुढे सरकले. पावसाळ्याचे दिवस होते. दारामागे तांदळाची कोठी, कोठीखाली बीळ. नकाशात ते त्यांनीच ठिपक्यांच्या रेषेने दाखवले होते. त्यांनी हातातली फाइल जवळच्या माणसाला दिली. कोणाला दिली, हे पाहिले नाही. घोळका आपणहून दुभंगला.

दाराशी जाऊन त्यांनी कडी धरली आणि चौकटीवर आपटली. एक. दोन. तीन. मागे पावले सरकल्याचा आवाज आला. चौथा ठोका त्यांनी सर्वांत जोराने दिला.

थोडा वेळ काहीच झाले नाही.

“आता कायले वाजवता,” आतून पार्वताबाईचा आवाज आला. “मी त आत आली.”

ताराचंद कडी धरून तिथेच उभे राहिले.