पातळ सोलचे जोडे

अशा नवऱ्याचं काय करावं, सांगा तुमीच. कोणाच्या घरी बाप पोरीचे जोडे पेटीत घालून वरून कुलूप लावते? आमच्या घरी लावते.

वामनराव त्यायचं नाव. नाव घ्यायले मी आता लाजत नाई, लाजायचं काम त्यायनं केलं. राजुऱ्याजवळच्या कोळशाच्या खाणीत जिंदगी काढली, पायात जाड बूट घालून. घरात त्यायचा नियम एकच, बिनचपलेनं उंबरठ्याबाहेर पाय ठेवायचा नाई. मी अंगणात कपडे वाळू घालायले गेली तरी मागून आवाज येते, "कांता, चप्पल!" भिंतीवर बाबासाहेबायचा उभा फोटो हाये, सुटाबुटातला. पाहुणे त्यायचा चेहरा पाहतात, आमचे हे त्यायले बूट दाखवतात.

कारण मले ठाऊक हाये. सासरे पोंभुर्ण्याकडच्या एका गावचे. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली, पण मालगुजाराची मिजास नाई गेली. त्याच्या दारावरून जायचं तं पायातल्या वहाणा काढून हातात धरा लागत, मान खाली घालून. हे तवा इवलेसे, बापाच्या बाजूनं चालत. ते आठवलं का आजही हे ताटावरून उठतात.

असा हा माणूस, अन् त्याची पोरगी वनरक्षकाच्या भरतीले निंगाली. वयाच्या हिशेबानं रश्मीची ही शेवटची संधी होती. दिवसभर कापडाच्या दुकानात उभी राहे अन् सकाळी धावे. बापानं घेऊन दिलेले जाड, फुगीर बूट. ते घालून तिच्या नडग्या अशा ठणकत का मी तेल चोळायले बसली तं पोरगी उशीत तोंड घालून रडे.

मग जिममधल्या सायमानं तिले हे पातळ सोलचे जोडे सांगितले. सोल कसला, भाकरीसारखा पातळ. टाचेले उंची नाई, समोरून रुंद, बोटं मोकळी पसरतात, घडी केली तं मुठीत मावतात. घाई करू नको, म्हणे सायमा. आधी घरात चाल, मग दुकानात घालून उभी राहा, मग थोडं थोडं धाव. रश्मीनं अख्खा पावसाळा तसंच केलं. नडग्यायचं ठणकणं थांबलं, पोरगी हरणीसारखी पळायले लागली. बापाले आमी सांगितलं, दुकानात घालायचे साधे जोडे हायेत.

भरतीच्या धावायच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं ते अंगणात उन्हात ठेवले अन् न्हायले गेली. ह्यायनं उचलले, दाबून पाह्यले.

"कांता, याले सोल कुठी हाये?"

"हाये नं. पातळ हाये."

तेवढ्यात रश्मी ओल्या केसानं बाहेर आली. बाप हातात घेऊन पाहून राह्यले म्हणून खुशीत सांगून बसली, "बाबा, घातले का अनवाणी धावल्यासारखं वाटते! उद्या हेच घालणार मी."

अवं माय! मी डोळ्यानं खुणावत राह्यली, पण तिचं लक्ष कुठी?

"पैसे देऊन अनवाणी?" हे म्हणाले. "माह्या बापाले फुकटात फिरवत होते."

जोडे पेटीत गेले. कुलूप लागलं, चाबी खिशात गेली.

"अहो, डोकं फिरलं का तुमचं? उद्या धावायचं हाये तिले!"

"मी घेतलेले बूट हायेत नं? एवढ्या लोकायसमोर माही पोरगी पायाले चिंध्या बांधून धावणार नाई."

मी बोलली, भांडली, जेवण वाढलं नाई. शेवटी वरवंटा घेऊन पेटीपुढे बसली. कुलूप फोडणारच होती, पण रश्मीनं माहा हात धरला.

"राहू दे आई. बाबा स्वतःच काढून देतील."

आग लागो माह्या हाताले, मी ऐकलं तिचं.

त्यायनं काई काढून दिले नाईत. सकाळी आमी मायलेकी पहिल्या बसनं चंद्रपूरले निंगालो, तवा हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मैदान मुरमाचं. मी जाळीबाहेर उभी. रश्मी जाड बुटात थोडी पळून आली अन् वाकून नडगी दाबू लागली. मग बूट काढले, बाजूले ठेवले अन् अनवाणीच रेघेवर जाऊन उभी राह्यली.

सुरुवातीले काय पळाली बापा! सगळ्यायच्या पुढे. मी ओरडून ओरडून घसा फोडला. मग वळणावर एकदम लचकली. टोकदार खडा घुसला होता. तरी थांबली नाई, लंगडत पळत राह्यली. एकेक पोरगी तिच्या पुढे जाऊन राह्यली होती.

तेवढ्यात बाजूनं आवाज आला, "रश्मी! रश्मी बेटा!"

वामनराव होते. धापा टाकत, कोणाच्या तरी गाडीवर बसून आलेले. दोन्ही हातात ते जोडे. फाटकावरच्या शिपायानं आत सोडलं नाई, तं जाळीपाशी हात वर करून जोडे हलवून राह्यले होते. खुळ्यावानी.

पोरगी पोहोचली. पण वेळ संपल्याची शिट्टी तिच्या आधी वाजली होती.

ती जाळीपाशी आली. मुरमावर मागे लाल ठसे. ह्यायनं जाळीतून जोडे आत सरकवायले पाह्यलं, भोकातून जाईनात.

"घाल बेटा. घाल नं."

रश्मी ओरडली नाई. ओरडली असती तं बरं झालं असतं.

"बाबा, आजोबायच्या पायातल्या वहाणा मालगुजारानं काढायले लावल्या. माह्या तुमी काढल्या."

एवढं बोलून ती खाली बसली अन् तळव्यातले खडे काढू लागली.

मले ह्यायले शिव्या द्यायच्या होत्या. राजुऱ्यापर्यंत पुरतील एवढ्या जमवून ठेवल्या होत्या मी. वळून पाह्यलं तं हे जाळीपाशी उभे, मान खाली, जोडे हातात.

सासऱ्यायले मी कधी पाह्यलं नव्हतं. माह्या लग्नाआधीच गेले ते. त्या दिवशी पाह्यलं.