चंदेरी रंगाखालची चीर

मित्रांनो, नाशिक रोडच्या भंगारवाल्याच्या दारात जी चंदेरी, मोडकी वस्तू पडली आहे ना, ती मी. मी एक जुनी लोखंडी रिम आहे. गाडीच्या चाकात टायर ज्यावर चढवतात, ती.

घोटीचे भिमाजी जीपमधून लोकांना त्र्यंबकेश्वरला नेत-आणत. मी त्या जीपच्या पुढच्या चाकात होते. पहिल्यांदा त्यांनी मला रंगवले ते किती मायेने! तारेच्या ब्रशने गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला, थिनरने पुसले. मग प्रायमर, आणि त्यावर स्प्रेचे पातळ हात, प्रत्येक हात नीट वाळू देऊन. तो रंग सहा पावसाळे हलला नाही. मला तर गर्वच चढला होता.

पुढे मी गंजले. एकदा खड्ड्यात आपटून बोल्टच्या भोकाजवळ मला बारीक चीर गेली. गंजात ती कोणाला दिसेना. रंग देण्याआधी भिमाजी मला घासतील आणि चीर सापडेल, एवढीच माझी आशा होती.

दसऱ्याच्या सकाळी ते स्प्रेचा डबा घेऊन बसले. त्यांची मुलगी योगिनी गाडीसाठी झेंडूची माळ ओवत होती.

"आप्पा, आधी गंज तरी घासा ना!"

"आता टाइम नाय, पोरी. पूजेच्या आत गाडी चमकली पाहिजे. मग घासू निवांत."

त्यांनी गंजावरच जाड थर मारला. चीर बुजली. ओल्या रंगावर हळद-कुंकू लागले, चाकाखाली लिंबू आले. "चाकं कशी लय नवी दिसत्यात!" शेजारच्या वत्सलाबाई म्हणाल्या. एवढे कौतुक माझे कधी झाले नव्हते, आणि मला रडू येत होते.

ती निवांत वेळ काही आली नाही. पंधरा दिवसांनी त्र्यंबकहून रिकामी जीप परत आणताना एका वळणावर मी तुटले. जीप झाडावर गेली. भिमाजींचा उजवा पाय गेला.

काल ते कुबड्या घेऊन, योगिनीबरोबर जीप भंगारात द्यायला आले होते. त्यांनी माझ्यावरून नख फिरवले. रंगाचा पापुद्रा सहज निघाला. तुटल्या कडेवरच्या गंजावरही चंदेरी रंग उतरला होता. चीर जुनी होती, हे त्यांना कळले.

"तू म्हणली होतीस," ते योगिनीला एवढेच म्हणाले.

मित्रांनो, रंगाआधी घासायचा कंटाळा करू नका. मला आता त्याचा उपयोग नाही. माझ्या आतल्या कडेला भिमाजींनी दिलेला पहिला रंग अजून शाबूत आहे. उद्या भट्टीत तोही जाईल.