आरशाने केलेली डावखुरी मुलगी

साहेब, खोट चित्रात नाही, तुमच्या नजरेत आहे. आमच्या मुलीच्या हातावर लाल फुली मारायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

मित्रांनो, माफ करा, डोकं तापलंय. मी एक जुना आरसा आहे. उमेदीची वर्षं मी एका सलूनच्या भिंतीवर काढली. सलून आमच्या चित्रकार ताईच्या वडिलांचं. शाळा सुटली की ती बाकावर बसून माझ्यात दिसणारे चेहरे काढायची. फेसातून डोकावणारी नाकं, गाल फुगवून बसलेले आजोबा. वडील म्हणायचे, "नाक आहे तेवढंच काढ गं. गिऱ्हाईक रागावलं तर मी बघून घेईन!" चित्रकलेचं एवढंच शिक्षण तिला मिळालं, आणि ते पुरून उरलं.

पुढे सलूनमध्ये दिव्यांचे आरसे आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे धूळ खात पडलो, कडेचा पारा उडाला. ताईने नोकरीवर लाथ मारली, दुकानांच्या पाट्या, औषधांची खोकी, मिळेल ते रंगवू लागली, तेव्हा तिने मला उतरवून टेबलासमोर टांगलं. चित्रातलं माणूस रडवायचं असेल तर आधी ती माझ्यासमोर रडकं तोंड करते. आई दारातून ओरडते, "अगं, शेजारीण बघतेय! डॉक्टरला बोलावेल ती!"

मग पाठ्यपुस्तक मंडळाच्या पहिलीच्या पुस्तकाचं काम आलं. मुखपृष्ठावर लिहिणारी मुलगी हवी होती. ताई पेन्सिल धरून माझ्यासमोर बसली आणि दिसलं तसं काढलं. रंग भरल्यावर तिने कपाळावर हात मारला. आरशात उजव्याचं डावं होतं, आणि मुलगी झाली होती डावखुरी! चित्रातला हात पुसायला ती पांढरा रंग घेणार, तेवढ्यात तिची भाची चित्रावर वाकली. वर्गात तिला 'डावरी' म्हणून चिडवतात.

"मावशी, ही माझ्यासारखी लिहिते!"

"चुकून झालं गं. बदलतेय."

"मीपण चुकून झाले का?"

ताईने ब्रश खाली ठेवला.

चित्र तुमच्याकडे गेलं, साहेब, आणि फुलीसकट परत आलं. 'हात सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ.' आज ताईने तेच चित्र, तसंच, पुन्हा पाठवलंय. आता ती शीळ घालत पुढची पानं रंगवतेय, आणि शेजारी भाची डाव्या हाताने ढग काढतेय.

मित्रांनो, आरसा ओल्या फडक्याने पुसू नका, पारा उडतो. आणि कुणाच्या हातावर हसू नका, त्याने काय उडतं ते मी रोज समोर बघतो.

साहेब, पहिलीच्या पुस्तकात या मुलीला जागा आहे की नाही? हो की नाही, तेवढं तोंडावर सांगा.