पारूला दिसलेला परीट

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वाडीत एक रीत होती. थंडीचा पाहुणा परीट, तो राखाडी-पांढरा, शेपटी नाचवत पळणारा पक्षी, आल्याशिवाय भाताला विळा लावायचा नाही. आणि तो आला हे सांगायचं पारूनं. तिची नजर पक्की, शब्द त्याहून पक्का.

पूर्वी परीट दसऱ्याच्या आगेमागे यायचा. अलीकडे पाऊस हटायचं नाव घेत नव्हता, थंडी लांबत होती आणि तिच्या मागे परीटही. २००६ साली तर दिवाळी तोंडावर आली तरी त्याचा पत्ता नाही. इकडे लोंब्या पिकून दाणे चिखलात झडू लागले.

"आत्याबाय, तो येत नाय तर आपणच जाऊ त्याच्याकडं!" पारूची सून माधुरी म्हणाली. "वाडीतच दिसला पायजे, असं कुठं ठरलंय?"

युक्ती वाडीला इतकी आवडली की जीपमध्ये सतरा माणसं कोंबली गेली. शेजारचा कमळू टपावर. पक्षी दिसला की तो टप बडवायचा. बगळ्याला ब्रेक, कावळ्याला ब्रेक, कुंपणावर वाळणाऱ्या बंडीलाही ब्रेक. हसून हसून बायांची पोटं दुखली.

मुरबाडच्या अलीकडे, पुलाखालच्या खडकावर एक पक्षी शेपटी नाचवत होता. सगळे उतरले आणि पारूच्या तोंडाकडे पाहू लागले.

पारूनं डोळे बारीक केले. काळीभोर पाठ, डोळ्यावर जाड पांढरी भुवई. हा पाहुणा कसला, हा तर इथल्याच नदीवरचा, बारमाही! खरं सांगावं तर भात जाणार, खोटं सांगावं तर आजवरचा शब्द.

"आला गो बायांनो!" ती ओरडली.

कमळूनं खडकाकडे पाहिलं, पारूकडे पाहिलं.

"पारू, हा काळा कसा गो?"

"उन्हातनं आलाय रे. रापला."

कमळू हसता हसता वाळूत बसला. मग उठून त्यानंही हाळी दिली, "आला, आला! मीबी पायला!"

"वाटेत जाडबी झालाय," मागून एक म्हातारी म्हणाली.

"खातपीत आला आसंल!"

नदीवरचा पक्षी न ओळखणारं त्या सतरांत एकही नव्हतं. माधुरीनं तर सीटखालून विळ्यांची पिशवीच ओढून काढली.

"आत्याबाय, मुरबाडातनं धार लावूनच घेऊ ना?"